केळ्यातली गोळी

वॉर्डाबाहेरच्या बाकावर प्लास्टरातला पाय लांब करून बसलेल्या सुताराने 'दार' हा शब्द ऐकला आणि कान टवकारले. शेजारी सासू-सुना बोलत होत्या. सून प्रयोगशाळेत जंतूंवर काम करणारी.

"जंतूला कसलं गं दार?"

"त्याच्या कातडीत प्रथिनांची बारीक दारं असतात, आई. अन्न तिथूनच आत जातं, औषधही."

"मग ह्यांचा ताप का हटेना?"

"हा जंतू बेरकी आहे. अर्धी दारं लिंपून बसलाय. चुकून औषध शिरलंच, तर पंपाने बाहेर फेकतो."

"अगदी ह्यांच्यासारखाच! नुसती गोळी दिली की गेली खिडकीबाहेर."

"पण लोहाचा हावरा आहे. लोह दिसलं की दार सताड उघडतो. म्हणून कालपासूनचं नवं औषध लोहाचं बोट धरून आत शिरतं."

"म्हणजे माझीच युक्ती की! मी गोळी केळ्यात दडवते. इतकी वर्षं झाली, ह्यांना पत्ता लागू दिला नाही."

तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या.

"आजोबांचा ताप उतरला हो. केळं मागतायत. म्हणाले, हिला सांगा, गोळी जरा खोल खुपस, मागच्या खेपेला टोक दिसत होतं."

"अगंबाई! लबाड कुठले! तू बस गं, केळी मीच आणते."

सुताराने पाय बाजूला ओढून वाट करून दिली.