कागदाची मागची बाजू

आजच्या सभेचे अध्यक्ष डॉक्टर दिनकर, व्यासपीठावरचे फारूकचाचा आणि अमिरुन्निसाचाची, जिला निरोप द्यायला आपण सलव्याच्या या हॉलमध्ये जमलो ती त्यांची मुलगी अफ्रीन, आणि बिर्याणीचा वास येत असूनही खुर्चीत टिकून राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

मी सर्फराज. इथे आखातात वफ्र्याच्या शेतांवरून शहरात भाजीची गाडी आणतो. रत्नागिरीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं; हजेरीवरून सरांशी भांडलो आणि आयकार्ड त्यांच्या टेबलावर आपटून निघालो. शिक्षणावर बोलायला मंडळाला दुसरा कुणी मिळाला नाही? अफ्रीननेच माझं नाव सुचवलं म्हणे.

ती परवा इंग्लंडला निघणार. सामाजिक धोरण आणि इंग्रजी साहित्य, दोन्ही मिळून एकच पदवी. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये चाचा तिला म्हणाले होते, "अगं, एक काय ते धड शिक! कादंबऱ्या घरीपण वाचता येतात." मी मध्येच ओरडलो, "चाचा, समजत नाही तर बोलता कशाला?" ते उर्मट होतं, चाचा. आज माइकवरून माफी मागतो. खरं सांगू? तेव्हा मलाही समजलं नव्हतं.

समजलं वफ्र्याला. शुक्रवारी मायलेकी माझ्या गाडीतून मजुरांच्या खोल्यांची माहिती घ्यायला यायच्या. (चाची मध्ये बसायच्या, हेही सांगून ठेवतो.) छापील फॉर्म होता. एका म्हाताऱ्या मजुराला तिने विचारलं, "खोलीत किती माणसं?"

"आठ. नववा रमजानमध्ये वारला. त्याचं अंथरूण अजून कुणी गुंडाळलेलं नाही."

अफ्रीनने चौकटीत आठ लिहिलं. मग कागद उलटा करून अंथरुणाचं लिहिलं.

मी म्हटलं, "मागचं कोण वाचणार?"

"आठ वाचून कूलर किती लागतील ते कळतं, सर्फराज. पण अंथरूण वाचल्याशिवाय ते द्यावेसे कुणाला वाटतील? मला दोन्ही बाजू शिकायच्यात."

तिने एक फॉर्म माझाही भरला. शिक्षण? मी म्हटलं, "सोडलं." तिने लिहिलं, 'अपूर्ण'. मी भडकलो, "सोडलं म्हणजे सोडलं!"

"ओरडू नको. मागच्या बाजूला लिही."

चार महिने तो कागद गाडीत कोरा पडून होता. गेले दोन शुक्रवार ती सामानाच्या गडबडीत होती, आलीच नाही. खिडकीकडची सीट रिकामी. गाडी खच्चून भरलेली, तरी तिथे टोमॅटोचा एक खोका ठेवायला माझा हात धजला नाही.

इथून कुणी निघालं की आपण पुडकी घेऊन हजर! हे नणंदेला दे, ते मावसभावाला दे. सुक्या जवळ्यानेच तिची बॅग भरली. काल चाची मला म्हणाल्या, "आता कागदसुद्धा नको हां!" चाची, मी देतोय तो कागदच आहे, तोच फॉर्म. पुढे 'अपूर्ण' तसंच ठेवलंय. मागे काय लिहिलं ते इथे वाचणार नाही; फारूकचाचा फार जवळ बसलेत.

बोलू दिलंत, आभारी आहे. आवाज चढला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपला पोरगा म्हणून सांभाळून घ्या.

आणि अफ्रीन, विमानात वाच. सावकाश उत्तर दे. पुढच्या शुक्रवारपासून टोमॅटो कुठे ठेवायचे, तेवढं मात्र कळव.