मी नुसती पिशवी धरली होती

...नाही, पण मला एक सांगा, पिशवी धरणं हा गुन्हा आहे का? बाजारात शंभर माणसं पिशव्या धरून फिरतात, त्यांची हाडं कुणी मोडतं? माझं मोडलं! हे बघा प्लास्टर, आणि हे पुढचे दोन दात, म्हणजे जिथे होते ती जागा बघा, 'स' म्हणताना शिट्टी वाजते, हसू नका... आणि केलं काय होतं मी? मी नुसती पिशवी धरली होती.

हे सगळं आमच्या भाचीमुळे. संजना. कुडाळला कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात अन्याय शोधते. हे दोन हजार सहा साल, टीव्ही लावला की कुणीतरी कुणाचं तरी चोरून शूटिंग केलेलं, ते बघून बघून हिच्या डोक्यात भरलं की आमच्या गावकीचंही करायचं. आता गावकी म्हणजे तुम्हाला सांगतो, कोर्ट तीच, कलेक्टर तीच, फक्त बसायला सतरंजी. तिचा पुढारी महादूतात्या. त्याच्या पुतण्याने आमच्या वाडीतल्या रुक्मिणीची जाळी कापली, आणि रुक्मिणी गेली पोलिसात. विधवा बाई, मुलाला घेऊन होडी चालवते, जाणार कुठे? पण गावची गोष्ट बाहेर नेली म्हणून तिला वाळीत टाकायचं ठरत होतं. तिच्याशी बोलायचं नाही, मासळी घ्यायची नाही आणि होडीला खांदा लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, खांदा नाही लावला तर काय बिघडलं? अहो, मे संपत आला की होडी पाण्यातून काढून वर वाळूत नारळाच्या झापांखाली ठेवावी लागते, आणि ती ओढायला वीस माणसं लागतात. वीस! पैसे देऊन मिळत नाहीत, गावाने द्यायची असतात. होडी पाण्यात राहिली तर पहिल्याच उधाणात खडकावर आपटून तिचं सरपण. त्या होडीवर बाईचं घर चालतं हो. मलाही वाईट वाटत होतंच, पण मी आपला घरात बसून वाईट वाटून घेत होतो, ते सुरक्षित असतं.

बायकांना बैठकीत बसायची चाल नाही, म्हणून संजना आली माझ्याकडे. एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा कॅमेरा मागून आणलेला, पिशवीत घातला, पिशवीला भोक पाडलं, वरून सुके बांगडे पसरले आणि म्हणते, ''मामा, तुका कायच करूचा नाय, नुसती पिशवी धरूची.'' आता हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं ना, तर पळा. मी पळालो नाही.

बसलो बैठकीत, मांडीवर पिशवी, अंगाला घाम, आणि बांगड्यांच्या वासाने गावातली तीन मांजरं माझ्याभोवती. महादूतात्या उठला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला लागला. ''बा देवा म्हाराजा, जो कोण रुक्मिणीच्या होडयेक खांदो लावीत, तेचा तोंड गावान बघू नये रे म्हाराजा...'' आणि सगळा गाव एका सुरात, ''व्हय म्हाराजा!'' मग सगळं शांत. देव ऐकतोय म्हणून शांत. आणि त्या शांततेत माझ्या मांडीवरून आवाज, टीं... टीं... टीं... बॅटरी संपली होती हो! लग्नात अख्खी रात्र चालते म्हणे, इथे अर्धा तास नाही टिकली.

महादूतात्याने मान वळवली. ''बाबल्या, पिशयेत काय आसा रे?''

म्हटलं, ''सुके बांगडे.''

''बांगडे वाजतत?''

त्याने पिशवीत हात घातला, कॅमेरा बाहेर काढला, जमिनीवर आपटला, आणि पहिली थोबाडीत त्याचीच. मी पडलो कॅमेऱ्यावर, आणि माझ्यावर पडला गाव. कुणी काठी घेतली, कुणी चप्पल, एकाने तर देवापुढचा नारळ उचलला, तेवढ्यात दुसऱ्याने थांबवलं, मला वाटलं माझी दया आली, पण नाही, नारळ देवाचा म्हणून. शिवा मास्तर, जे शाळेत अहिंसेवर भाषण देतात, ते ''मारू नका रे, मारू नका'' म्हणत मला उचलून माझे दोन्ही हात मागे धरून उभे, म्हणजे बाकीच्यांना सोयीचं. आणि मग त्या पुतण्याने वल्हं आणलं. खांद्यावर बसलं तेव्हा असा कडकन आवाज आला, मला वाटलं वल्हं मोडलं. वल्हं शाबूत होतं. खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. आज मला मारून टाकतात असं वाटलं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एकाच जाळ्याची दोरी ओढली ती माणसं, आणि मी ओरडतोय, अरे मी नुसती पिशवी धरली होती... शेवटी सोडलं. दया आली म्हणून नव्हे, दमले म्हणून.

तोंडातून रक्त, हात लोंबतोय, अशा अवस्थेत फुटका कॅमेरा घेऊन घरी आलो. दुसरी कुठली भाची असती तर डॉक्टरकडे नेलं असतं ना? ही म्हणते, ''रगत पुसू नको मामा, पुरावो आसा तो.'' आणि रिक्षा थेट पोलीस ठाण्यात!

कॅमेरा फुटला तरी आतली टेप धड होती. साहेब घाटावरचे, शुद्ध बोलणारे. दुसरा कॅमेरा मागवला, टेप लावली. दिसतं काय? बांगड्याची शेपटी. सगळा वेळ बांगड्याची शेपटी, आणि मधूनच एक मांजर. ऐकू काय येतं? महादूतात्या लांब, त्याची नुसती गुणगुण. आणि मग एकच आवाज, खणखणीत, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून... ''व्हय म्हाराजा!''

साहेब म्हणाले, ''बहिष्काराला एवढ्या जोरात पाठिंबा देणारा हा कोण?''

मी म्हटलं, ''...मी.''

अहो, जन्मापासूनची सवय! गाऱ्हाणं घातलं की तोंड आपोआप उघडतं, मन कुठेही असू दे! साहेबांनी कागद ओढला आणि आरोपी नंबर एकवर माझं नाव लिहायला घेतलं. संजना भांडतेय, मी शिट्ट्या वाजवत सांगतोय, साहेब, मी नुसती पिशवी धरली होती... तेवढ्यात रुक्मिणी आली. म्हणाली, ''माका केस नको, कोर्ट नको. माजी होडी तेवढी वर काढून द्या.''

साहेब माणूस हुशार. कागद बाजूला सारला, गावकीतल्या सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं, विचारलं बहिष्कार आहे का, सगळे म्हणाले छे छे, साहेब म्हणाले मग लावा खांदा. दहा मिनिटांत होडी वाळूत. महादूतात्याचा खांदा सगळ्यात पुढे. रुक्मिणी होडीला हात लावून रडत होती, आणि तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला दातांचं काही वाटलं नाही.

ही गोष्ट चार दिवसांपूर्वीची. त्यानंतर बैठक झाली नाही. गाऱ्हाणं नाही, ठराव नाही, कुणी ब्र काढलेला नाही. फक्त मी दिसलो की जो तो समुद्राकडे बघतो. माझीही होडी अजून पाण्यातच, ती ओढायची म्हणून काल सगळ्यांना सांगून आलो. सगळे बरं म्हणाले. आले किती? रुक्मिणी आणि तिचा मुलगा. खांदे दोन, आणि माझा हा असा. होडी तसूभर हलली नाही, आणि लाटा बघा कशा येतायत.

संजना होतीच, नवीन कॅमेरा घेऊन. मी म्हटलं, ''गो बाय, तो खाली ठेव नि हात लाव.'' तर म्हणते, ''मामा, तुका वाळीत टाकल्याचो पुरावो नको?''

म्हटलं, पुरावा आहे ना. तो बघ, पाण्यात उभा आहे.