तणाची खात्री

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. त्याच्या हातात तण ओळखायचं, खिशात मावेल एवढं पुस्तक.

"अहो, मिटा ते! अंगणात गुडघाभर तण माजलंय."

"ओळखल्याशिवाय उपटू कसं? फूल बघून खात्री करा, असं लिहिलंय."

"फुलापर्यंत थांबलात तर बी पडेल, पुन्हा दुप्पट उगवेल."

"घाईनं चूक होते गं."

"मग आई शेवटची लावून गेली, ती शेवंती उपटताना कुठे गेली होती खात्री?"

"तिचं पान गाजरगवताच्या चित्राशी हुबेहूब जुळलं."

"आणि कुंपणाशी माजलंय ते?"

"ते अजून ठरत नाहीये. रोज पाणी घालतोय ना, म्हणजे लवकर फुलेल."