शिट्टीआधीचं हसू

एव्हरशाईन सिटीतल्या दवाखान्यात सांडोर गावची कॅथरीन सुजलेला गाल धरून बसली होती आणि तिच्या शेजारचे दोन पेन्शनर काही केल्या गप्प बसत नव्हते.

"धामणकरांना हास्यक्लबातून काढलं."

"का हो?"

"हसले."

"अहो, मग तिथे दुसरं काय करायचं असतं?"

"शिट्टी झाल्यावर हसायचं असतं. तेही विनाकारण. हे खरंखुरं हसले. कारण होतं त्यांच्याकडे!"

"असं काय कारण?"

"पुढारी आले होते पाहुणे. म्हणाले, दिवाळीपर्यंत घरोघर चोवीस तास पाणी."

"आणि तुम्ही?"

"आम्ही टाळ्या वाजवल्या. शिस्त म्हणून काही आहे की नाही? शेवटी धामणकरांचं झाकावं म्हणून अध्यक्षांनी शिट्टी फुंकली, तसे आम्ही सगळे हात वर करून हसलो."

"मग मिटलं की."

"कसलं मिटतंय! पुढारी ताडकन उठून गेले. धामणकरांना म्हटलं, माफी मागा. तर माफी मागतानाही हसले."

"वाया गेला हो माणूस."

"पूर्वी किती चांगला हसायचा!"

एवढ्यात खाली रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. "पाणी आलं, पाणी!" करत दोघेही आपला नंबर सोडून जिन्याकडे धावले.

कॅथरीनला राहवेना. दुखरा गाल दाबून ती हसत सुटली.

कंपाउंडरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय मावशी, उगाच हसताय?"

"उगाच नाय रे बाबा," कॅथरीन डोळे पुसत म्हणाली. "कारन हाय."