घरात माणसं किती?

पूर आल्यावर आधी कुणाला उचलायचं, याच्या याद्या करण्यात संशोधक बाईंची अकरा वर्षं गेली होती. दवाखान्याच्या रांगेत त्यांच्या पुढ्यात दोघी शेजारणी बोलत होत्या.

“काल ती पुराच्या पाहणीवाली आली होती.”

“काय विचारत होती?”

“रात्री कोण कुठं झोपतं, मागचं दार कसं उघडतं, न चालणारं कुणी आहे का.”

“अगंबाई! हे तर चोराचे प्रश्न!”

“तेच ना! म्हटलं, नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. ठोकून दिलं, सगळे धडधाकट आहेत.”

“आणि तुझ्या सासूबाई?”

“मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे चोराला सांगू?”

बाईंनी पिशवीतून यादी काढली.

“ताई, सासूबाईंचं नाव काय?”

“बघ! म्हटलं नव्हतं? माग काढत इथवर आली!”