इंदापुरात गोरे परत आले तेव्हा

अरे, इंदापूरचं तुम्हाला सांगितलंच नाही! स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, आणि मी पुण्याहून निघणाऱ्या सरकारी सिनेमाच्या गाडीवर नवाच लागलो होतो. देश कसा घडला ते सांगणारे छोटे छोटे माहितीपट आम्ही गावोगाव दाखवायचो. इंदापुरात बाजाराच्या मैदानात पडदा लावला, अख्खं गाव जमलं. शेवटच्या रिळात गोरे सोल्जर देश सोडून जायला बोटीत चढतात आणि बोट निघून जाते. अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू! "पुन्यांदा दावा!" एकच ओरडा.

पुन्हा दाखवायचं तर रीळ आधी उलटं गुंडाळावं लागतं. आमच्या मशिनवाल्या वसंतानं घाईत दिवा चालू ठेवूनच ते उलटं फिरवलं. झालं! बोट मागं मागं येऊन धक्क्याला लागली आणि गोरे उलट्या पावलांनी भराभर खाली उतरायला लागले.

पुढं बसलेले एक तात्या ताडकन उठले. बेचाळीसला जेल भोगलेला माणूस! "आरं, ह्ये परत कशाला आलं? चढीव त्यास्नी वर!"

"तात्या, सिनेमा हाय त्यो," कुणीतरी म्हणालं.

"म्हाईत हाय मला! पर बघवत न्हाय. चढीव आदी!"

वसंतानं रीळ सुलट सोडलं. गोरे चढायला लागले तसं सगळं गाव ओरडायला लागलं, "चला, चला, बिगीबिगी!" बोट लांब गेली, तात्या घाम पुसत हसले.

वसंतानं रीळ गुंडाळायला हात घातला, तोच तात्यांनी त्याचं मनगट धरलं. "न्हाय बाबा. काय उलटं गुंडाळायचं ते पुण्यात जाऊन गुंडाळा. हितं न्हाय!"