शेवटच्या खड्ड्यावरचं बटन

अन् वर मला म्हणती, "आबा, अंगठा जरा उजेडात धरा." तुमाला सांगतो, सारी हयात उसात गेली, माझ्या अंगठ्याचं चित्रीकरण कुणी मागितलं न्हवतं. पण आमची नात राजनंदिनी, कराडला इंजिनेरिंगला हाय, तिनं माळ्यावरनं बापाचा व्हिडिओ गेम काढला. माझ्या लेकाला, नाथाजीला, मी विट्यातनं आणला हुता. त्यो गेला मिलिट्रीत, गेम ऱ्हायला घरात. जुन्या गेममधी कुठली उडी कवा मारायची, ते ही पोरगी इंटरनेटवर घालती. म्हणून पिठाच्या डब्यावर तांब्या, तांब्याला टेकून मोबाईल, त्यात टीव्ही बी दिसाय पायजे अन् माझा अंगठा बी. "शेवटचा खड्डा फक्त तुम्हीच पार करायचात, असं पप्पा सांगतात." व्हय, करत हुतो की. बटन कवा दाबायचं, एवढंच दाखवायचं… त्यात काय अवघड?

खेळातला त्यो बारका गडी पळतोय, पळतोय, खड्डा आला… गेला खाली. परत पळतोय… परत खाली. मी बटनाला दोष दिला, चष्म्याला दिला, तांब्याला बी दिला. राजनंदिनी म्हणती, "आबा, हा एक खड्डा नाही झाला तर माझा व्हिडिओ अर्धाच राहतोय." आता काय सांगू? बटन कवा दाबायचं, एवढंच…

मग तिनं ते चित्रीकरण हळू करून बघितलं. मान वाकडी केली. "आबा, काठावर तुमचा अंगठा थांबतोय. कुणाची वाट बघताय?"

तवा माझ्या ध्यानात आलं गड्या. नाथाजी भरतीला गेल्यावर दुपारचं आमी दोघंच खेळायचो. मंजी मी खेळायचो. आमची कारभारीण मंगल मागं बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. त्या बटनाला कदी हात लावला न्हाई तिनं. नुसता खड्डा जवळ आला की म्हणायची, "आवं…" लगीन झाल्यापास्नं माझं नाव घेतलं न्हाई बाईनं, खड्ड्याच्या तोंडाशी तरी कशी घेईल? तिनं "आवं" म्हणायचं, मी दाबायचं. अन् आता ती धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला शिरवळला. बाळ रांगाय लागलं, ही काय परत यायचं नाव घीना. मी बी बोलावलं न्हाई. म्हाताऱ्यानं काय म्हणून बोलवायचं?

राजनंदिनीनं माझ्या साध्या फोनवरनं आजीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी आपला खेळतोय. गडी पळतोय, खड्डा आला, अन् फोनमधनं…

"आवं, गॅसवर दूध ठेवलंय का?"

अंगठा आपसूक गेला. गडी पल्याड.

पोरगी नाचाय लागली. मंगल तिकडनं, "काय झालं गं?" मी म्हणलं, "पार झालो."  ती म्हणाली, "अजून खेळताय व्हय… बरं, दूध बघा आदी."

दूध उतू जाऊन शेगडी विझली हुती.

राजनंदिनीनं व्हिडिओखाली लिहिलंय, शेवटच्या खड्ड्यावर आजी "आवं" म्हणाली की बटन दाबावं. आता कुठली कुठली पोरं खाली विचारत्यात, ही आजी कुठं मिळंल?

म्हणलं बाबांनो, मी बी त्याच रांगंत हाय.